कातड्यावर लिहिलेला बोधिसत्त्व



सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाची गोष्ट युरोपातल्या चर्चमध्ये आणि मठांमध्ये सुमारे आठशे वर्षे वाचली जात होती, आणि वाचणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणालाही ती सिद्धार्थ गौतमाची आहे हे ठाऊक नव्हते. सोलापूरला कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या मुलीने ही माहिती टिपून नळदुर्गला आणली तेव्हा आमच्या घरात कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही. आम्ही तिला म्हणालो, "नीट पाहून ये. उगाच ऐकीव सांगू नको." तिने पुस्तके पाहिली, आम्हीही जमेल तेवढे वाचले. गोष्ट खरी आहे. ती सर्व कुटुंबांनी वाचावी, लेकरांना सांगावी, म्हणून हा लेखप्रपंच.

लॅटिन भाषेत ही कथा 'बार्लाम आणि जोसाफत' या नावाने आहे. हिंदुस्थानात अवेनीर नावाचा एक राजा होता. त्याला बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला. ज्योतिषी जमले. एकाने सांगितले, हा मुलगा तुझ्या राज्यात रमणार नाही, दुसऱ्याच मार्गाला लागेल. राजा घाबरला. त्याने मुलासाठी वेगळा महाल बांधला. तिथे तरुण आणि धडधाकट माणसेच ठेवली. रोग, म्हातारपण आणि मरण हे शब्दसुद्धा कानावर पडू द्यायचे नाहीत असा हुकूम दिला. तरी मुलगा एके दिवशी बाहेर पडला. त्याला रोगी दिसला, आंधळा दिसला, पुढे एक जख्ख म्हातारा दिसला. प्रत्येक माणसाची शेवटी हीच गत होणार, हे त्याला कळले आणि राजमहालातून त्याचे मन उडाले. त्या मुलाचे नाव जोसाफत.

इथपर्यंत ऐकले की आपल्या विहारातले लहान मूलसुद्धा सांगेल, हा तर सिद्धार्थ! पण लॅटिन कथेत पुढे बार्लाम नावाचा ख्रिस्ती साधू व्यापाऱ्याच्या वेषात येतो. आपल्याजवळ एक अमोल रत्न आहे असे सांगून तो महालात शिरतो आणि राजपुत्राला ख्रिस्ती धर्माची दीक्षा देतो. शेवटी बापही ख्रिस्ती होतो. मुलगा राज्य सोडून रानात जातो आणि मेल्यावर संत ठरतो. रोमच्या चर्चने आपल्या संतांच्या अधिकृत यादीत सोळाव्या शतकात बार्लाम आणि जोसाफत यांची नावे घातली. त्यांचा दिवस २७ नोव्हेंबर. १५७१ साली तर व्हेनिसच्या राज्यप्रमुखाने पोर्तुगालच्या राजाला संत जोसाफताची म्हणून एक अस्थी भेट दिली. पुढे ती बेल्जियममधल्या अँटवर्प शहरी गेली.

आता हे नाव कसे बदलले ते पाहू. 'बोधिसत्त्व' हा शब्द इराण, मध्य आशियाच्या वाटेने बगदादला पोहोचला. आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास ही कथा अरबी भाषेत लिहिली गेली. तिथे राजपुत्राचे नाव झाले 'बूदासफ'. अरबी लिपीत शब्दाच्या सुरुवातीला 'ब' आणि 'य' यांची काढणी सारखीच असते. खाली एक टिंब दिले तर 'ब', दोन दिली तर 'य'. कुणा नकलाकाराच्या बोरूने एक टिंब जास्त दिले आणि बूदासफचा 'यूदासफ' झाला. काळ्या समुद्रापलीकडच्या जॉर्जिया देशातल्या ख्रिस्ती भिक्षूंनी ती कथा आपल्या भाषेत आणली आणि तिला ख्रिस्ती रूप दिले. तिथून १०२८ साली वारलेल्या युथिमियस नावाच्या जॉर्जियन भिक्षूने ती ग्रीक भाषेत नेली. ग्रीकमध्ये 'इओआसफ', लॅटिनमध्ये 'जोसाफत'. एका टिंबाने बुद्धाचे नाव पुसले गेले. आपल्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर एखादी वेलांटी चुकली तर काय हाल होतात ते आपल्याला माहीत आहे. इथे तर एका टिंबामुळे माणसाचा धर्मच बदलला.

गोष्टी इतक्या लांब जातात कशा, असा प्रश्न पडेल. आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर गाव त्याचे उत्तर देईल. तेरचे जुने नाव तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या पुस्तकात तगरचे नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे गाव आहे, आणि इथले कापड गाड्यांत घालून भडोचच्या बंदराला जाते, असे तो सांगतो. जिथून कापड गेले तिथून गोष्टीही गेल्या असणार. गाडीवान, तांडेवाले, खलाशी आणि भिक्खू हीच त्या काळची टपालखाती.

आता मूळ पोथीकडे येऊ. ग्रीकमधून लॅटिनमध्ये या कथेचे पहिले भाषांतर १०४८ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल शहरात, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये झाले. भाषांतर करणाऱ्याचे नाव कुणाला माहीत नाही. त्या भाषांतराची जगात एकच प्रत उरली आहे. ती चौदाव्या शतकातली आहे आणि इटलीतल्या नेपल्स शहराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. विचार करा, अकराव्या शतकातले एका माणसाचे कष्ट, आणि त्याचा पुरावा म्हणून उरली ती एक वही. ती जळाली असती, भिजली असती किंवा वाळवीने खाल्ली असती, तर हे भाषांतर झाले होते हेसुद्धा आज कुणाला कळले नसते.

बाराव्या शतकात दुसरे लॅटिन भाषांतर पसरले. त्याच्या पुष्कळ नकला झाल्या. ते मठामठांत गेले आणि म्हणून टिकले. तेराव्या शतकात संतचरित्रांच्या एका लोकप्रिय लॅटिन ग्रंथात या कथेचा सारांश आला आणि ती घरोघर पोहोचली. १२२५ च्या सुमारास रुडॉल्फ नावाच्या जर्मन कवीने तिच्यावर मोठे काव्य लिहिले. त्याला लॅटिन पोथी मिळाली ती झुरिक शहराजवळच्या काप्पेल मठाच्या मठाधिपतीकडून, हे त्याने स्वतः नोंदवून ठेवले आहे. पोथी कुणाकडून मिळाली हे लिहून ठेवणारा माणूस आम्हाला फार आवडला. ज्याने दिले त्याचे नाव त्याने बुडवले नाही. उलट, ग्रीक कथेवर खऱ्या अनुवादकाचे नाव न राहता दमास्कसच्या योहान नावाच्या प्रसिद्ध धर्मपंडिताच्या नावाची पाटी शेकडो वर्षे राहिली. श्रम एकाचे, पाटी दुसऱ्याची. हे आपल्याला नवीन नाही.

या पोथ्या कशावर लिहीत असत? मध्ययुगातल्या बहुतेक लॅटिन पोथ्या कातड्यावर लिहिलेल्या आहेत. वासराचे, मेंढीचे, बकरीचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचे, केस काढायचे, लाकडी चौकटीवर ताणून बांधायचे आणि अर्धचंद्रासारख्या पात्याने खरवडून खरवडून पातळ करायचे. वाळले की त्याची पाने कापायची. एका जाड पोथीसाठी कित्येक जनावरांची कातडी लागत. त्या पानांवर ईश्वराचे शब्द लिहिले जात. चर्चच्या वेदीवर ते ठेवले जात, धर्मगुरू त्यांचे चुंबन घेत.

हे वाचताना आम्ही थांबलो. आमच्या शेजारच्या घरात एके काळी कातडे कमावण्याचे काम चाले. चुन्याचा वास, कुंडातले पाणी, बाभळीची साल, रापीने खरवडणे, हे सगळे आमच्या पिढीने पाहिले आहे. त्या कामासाठी त्या माणसांना गावाने विहिरीवर येऊ दिले नाही. कातड्याला हात लावला म्हणून ज्या देशात माणूस विटाळला, त्या देशातल्या बुद्धाची गोष्ट परदेशात कातड्यावर लिहून पवित्र झाली. पण तिथेही कातडे तयार करणाऱ्या कारागिराचे नाव पोथीवर नाही. लिहिणाऱ्याचे नाव कधी असते, मालकाचे बहुतेक वेळा असते, आणि कातडे खरवडणाऱ्याचे जवळजवळ कधीच नसते.

पोथ्यांची मालकी हा एक स्वतंत्र विषय आहे. मठातल्या पोथीच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर 'हा ग्रंथ अमुक मठाचा' असे लिहीत. चोराला शापही लिहून ठेवत. काही ठिकाणी पोथीला लोखंडी साखळी घालून ती मेजाला बांधत. लॅटिन भाषा सामान्य शेतकऱ्याला आणि कारागिराला येत नव्हती. म्हणजे पोथीला साखळी दोन होत्या, एक लोखंडाची आणि दुसरी भाषेची. आपल्याकडे संस्कृतचे काय झाले ते सांगायला नको. तिथे निदान वाचले म्हणून कानात शिसे ओतण्याचे वचन नव्हते.

पुढे त्या मठांवरही पाळी आली. इंग्लंडमध्ये १५३६ ते १५४० या काळात राजाने मठ मोडले. फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीनंतर चर्चची मालमत्ता राष्ट्राची झाली. जर्मनीतल्या बव्हेरियात १८०३ साली मठांचे ग्रंथ म्युनिकच्या राजग्रंथालयात गेले. या धामधुमीत किती पोथ्या गेल्या त्याला सुमार नाही. पुस्तक बांधणाऱ्यांनी जुनी कातडी पाने कापून दुसऱ्या वह्यांना पुठ्ठे म्हणून लावली. उरल्या त्या सरकारी ग्रंथालयांत आल्या आणि मग पहिल्यांदा मठाबाहेरच्या अभ्यासकाला त्या शांतपणे एकमेकींशी ताडून पाहता आल्या. मालक बदलला तेव्हा वाचक बदलला, आणि वाचक बदलला तेव्हा पोथीतले खरे दिसले.

दरम्यान पूर्वेकडच्या बौद्ध ग्रंथांची भाषांतरे युरोपात होऊ लागली होती. १८५९ साली लाबूले या फ्रेंच पंडिताने आणि १८६० साली लीब्रेख्त या जर्मन पंडिताने दोन्ही कथा शेजारी ठेवून दाखवून दिले की जोसाफत म्हणजे दुसरा कुणी नसून सिद्धार्थ आहे. १८७० साली मॅक्समुल्लरने इंग्लंडमध्ये भाषण देऊन ही गोष्ट सर्वांना सांगितली.

परंतु त्यांच्याही अडीचशे वर्षे आधी एका माणसाला ही ओळख पटत आली होती, आणि ती आपल्या महाराष्ट्रात पटत आली होती. दियोगो दो कूतो नावाचा पोर्तुगीज इतिहासकार गोव्यात राहत असे. तिथल्या सरकारी दफ्तराचा तो प्रमुख होता. १६१६ साली तो गोव्यातच वारला. त्याने पूर्वेकडच्या देशांचा इतिहास लिहिताना बुद्धाची हकीकत लिहिली आणि लगेच त्याच्या मनात आले की हे तर आपल्या संत जोसाफताच्या चरित्रासारखे आहे. मग तो एक आठवण सांगतो. साष्टी बेटात फिरत असताना तो कान्हेरीची लेणी पाहायला गेला. डोंगरात कोरलेली ती दालने पाहून त्याने तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारले, हे कुणी केले असावे? म्हातारा म्हणाला, संत जोसाफताच्या बापाने आपल्या मुलाला जगापासून लपवून वाढवण्यासाठी हे करवले. कूतोने त्यावर लिहिले की जोसाफत हाच बुद्ध असावा असे शक्य दिसते.

त्या म्हाताऱ्याचे नाव कूतोने लिहिलेले नाही. त्याने ही कथा पाद्र्यांकडून ऐकली असेल, घरातल्या जुन्या माणसांकडून काही ऐकले असेल, किंवा दोन्ही एकात मिसळले असेल. त्या काळी साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती आणि कान्हेरीच्या एका लेण्याचे चर्च केलेले होते. भिंतीवरची ब्राह्मी लिपी वाचणारा माणूस देशात उरला नव्हता. ती लिपी जेम्स प्रिन्सेपने उलगडली ती १८३७ साली. म्हणजे लेण्याच्या भिंतीवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली होती, कल्याणचे आणि सोपाऱ्याचे व्यापारी, भिक्खू, भिक्खुणी, उपासिका, आणि त्या नावांखाली उभे राहून त्याच मातीतला म्हातारा सांगत होता की हे एका परदेशी संताच्या बापाने केले. आपल्याच घरात उभे राहून आपण दुसऱ्याच्या घराचा पत्ता सांगावा, अशी ती गत होती.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आम्ही एका वर्षी बोरिवलीच्या नातेवाइकांकडे थांबलो होतो, तेव्हा कान्हेरीला गेलो. मोठ्या चैत्यगृहाच्या दाराशी शिलालेखावर हात न लावता आम्ही बराच वेळ उभे राहिलो. बरोबरच्या लेकरांना सांगितले, ही नावे आहेत. ज्यांनी पाण्याचे टाके दिले, बसायला ओटा दिला, त्यांची ही नावे आहेत. धर्म गेला, लिपी गेली, भाषा बदलली, तरी दगडाने नावे सोडली नाहीत.

हे सर्व आमच्या मुलीने पौर्णिमेला विहारात वाचून दाखवले. टाळ्या झाल्या. तरुण मुले म्हणाली, बघा, आपला बुद्ध त्यांच्याही चर्चमध्ये! वंदनेला नेमाने येणाऱ्या एक वृद्ध आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आगं पोरी, त्या पुस्तकात दुक्क कशानं व्हतंय आन् कसं जातंय, ते लिहिलंय का?"

मुलगी म्हणाली, "नाही आजी. त्यात लिहिलंय, जग खोटं आहे, ते सोडा, देवावर श्रद्धा ठेवा, मेल्यावर स्वर्ग मिळेल."

आजी म्हणाल्या, "मंग ते आपलं कसं?"

विहारात कुणी काही बोलले नाही. आजींच्या प्रश्नावर आम्ही घरी येऊनही बोलत बसलो. ख्रिस्ती बांधवांच्या श्रद्धेला नाव ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण आजींनी नेमके बोट ठेवले. कातड्यावर लिहून जे युरोपभर गेले ते महाल, रोगी, म्हातारा आणि वनवास. चार आर्यसत्ये गेली नाहीत, अष्टांगिक मार्ग गेला नाही, आत्मा नाकारणारा विचार गेला नाही, जन्माने माणूस उच्च-नीच ठरत नाही हे सांगणे गेले नाही. पेटी पोहोचली आणि आतला ऐवज वाटेत बदलला.

यात आणखी एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. जी गोष्ट जगभर गेली, नेमक्या त्याच गोष्टीवर पूज्य बाबासाहेबांनी शंका घेतली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच ते विचारतात की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर रोगी, म्हातारा, मृत माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटते काय? त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे मांडला. युद्धाला विरोध केला म्हणून सिद्धार्थाला घर सोडावे लागले, असे त्यांनी दाखवले. हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. पाण्याचा तंटा म्हणजे काय हे चवदार तळ्याच्या लेकरांना वेगळे सांगायला नको, आणि मराठवाड्यातल्या माणसाला तर नकोच नको. महालातला राजपुत्र कुठल्याही धर्मात बसतो, म्हणून तो सगळीकडे गेला. पाण्यासाठी होणाऱ्या युद्धाला नकार देणारा सिद्धार्थ कुठल्याही राजाला परवडणारा नाही.

म्हणून या लॅटिन पोथीचा अभिमान बाळगावा का, असे कुणी विचारले तर आमचे उत्तर असे आहे की अभिमानापेक्षा तिच्यापासून धडा घ्यावा. पोथी जपली जाते आणि तरी नाव जाते. नाव राहते आणि तरी अर्थ जातो. तिन्ही जपायचे असेल तर ज्यांचे आहे त्यांनी ते वाचले पाहिजे, त्याच्या नकला केल्या पाहिजेत आणि कुणाचे आहे ते लिहून ठेवले पाहिजे.

हा धडा आमच्याच घरात कामाला आला. आमचे आजोबा सोलापूरच्या गिरणीत काही वर्षे होते. जलशात गात. त्यांची एक लाल कापडी बांधणीची हिशेबाची चोपडी आहे. पुढच्या पानांवर त्यांनी स्वतः जुळवलेली गाणी आहेत. मागच्या पानांवर ऑक्टोबर १९५६ चा हिशेब आहे. नळदुर्ग तेव्हा हैदराबाद राज्यात होते. नागपूरला दीक्षेसाठी जाणाऱ्या पाच माणसांच्या प्रवासखर्चाला कुणी काय दिले, त्याची ती यादी आहे. कुणी चार आणे, कुणी आठ आणे. एका विधवा बाईने दोन आणे आणि शेरभर ज्वारी दिली. कुणी भाकरीचे पीठ दिले. प्रत्येकाचे पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. कान्हेरीच्या भिंतीवर जे आहे तेच आमच्या चोपडीत आहे, फक्त दगडाऐवजी पिवळा पडलेला कागद आहे.

ही चोपडी आजोबांनंतर आमच्या आत्याबाईंकडे गेली. त्या उमरगा तालुक्यात दिलेल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा त्यांचे दगड-मातीचे माळवद खाली बसले. माणसे वाचली. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी ढिगारा उपसायला लावून ट्रंक काढली. लोक म्हणाले, दागिने असतील. ट्रंकेत दोन लुगडी, बाबासाहेबांचा एक फोटो आणि ही चोपडी निघाली. आत्याबाईंना अक्षरओळख नाही. आम्ही त्यांना विचारले, तुम्हाला वाचता येत नाही, मग एवढा जीव का टाकला? त्या म्हणाल्या, "वाचता येत न्हाई म्हणून काय झालं? माझ्या बापाच्या हातचं हाय, येवढं मला कळतंय."

पुढे एका मोठ्या शहरातून एक गृहस्थ आले. सज्जन माणूस. जुन्या जलशांच्या वह्या ते जमा करतात. त्यांनी चोपडीला बरी किंमत देऊ केली. घरात दोन मते पडली. थोरले बंधू म्हणाले, देऊन टाका, निदान कपाटात नीट राहील. आपल्याकडे उंदीर आणि वाळवी. धाकट्याचे म्हणणे, एकदा गेली की आपल्याला पाहायलासुद्धा परवानगी मागावी लागेल. बायकांचे म्हणणे वेगळेच पडले. त्या म्हणाल्या, जिने ढिगाऱ्यातून काढली तिला कुणी विचारले का? दोन दिवस घरात धड बोलणे नव्हते. पैशाची गरजही होती, ते लपवून काय करायचे.

अशा वेळी ती नेपल्सची एकुलती एक प्रत आणि शेकडो नकलांनी टिकलेले दुसरे भाषांतर, हे दोन्ही आमच्या डोळ्यांपुढे होते. आम्ही त्या गृहस्थांना नम्रपणे सांगितले, मूळ वही देत नाही, पण नक्कल घ्या आणि अभ्यास करा. ते आनंदाने कबूल झाले. चोपडीच्या चार झेरॉक्स प्रती काढल्या. एक त्यांना, एक आमच्या विहारात, एक थोरल्यांकडे, एक धाकट्याकडे. मुलीने प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढला. मूळ चोपडी आत्याबाईंच्या हवाली केली, त्यांच्या हयातीपर्यंत ती त्यांचीच. रोज संध्याकाळी नातवंडे त्यांना यादीतली नावे वाचून दाखवतात. कोण कुणाचा कोण, ते त्या सांगतात, आणि मुलगी ते समासात पेन्सिलीने लिहून घेते. कागदावर नव्हते ते आता कागदावर येत आहे.

आमच्या गावचा किल्ला पाहायला लांबून लोक येतात. बोरी नदीवरचा पाणीमहाल पाहून थक्क होतात. तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधला गेला. किल्ला बहामनींचा झाला, आदिलशाहीचा झाला, मोगलांचा झाला, निजामाचा झाला. १८५३ साली नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि १८६० साली पुन्हा निजामाकडे आला. मालकांची यादी कुणीही देईल. दगड वाहणाऱ्यांची यादी कुणाजवळ नाही, कारण ती कुणी केलीच नाही. आमच्या चोपडीत दोन आणे आणि शेरभर ज्वारी देणाऱ्या बाईचे नाव आहे. त्या यादीची किंमत किती, ते आता आमच्या घरात सर्वांना कळते.

म्हणून सर्व कुटुंबांना विनंती आहे. घरची जुनी ट्रंक उघडा. जलशाच्या वह्या, समता सैनिक दलाचे बिल्ले, परिषदांची हँडबिले, दीक्षेच्या वेळचे फोटो, वसतिगृहाच्या पावत्या, वडिलांनी समासात खुणा केलेले ग्रंथ बाहेर काढा. रद्दीवाल्याला देण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला दाखवा. त्याच्या किंवा तिच्या तोंडून ऐका आणि लिहून घ्या. कुणी मागायला आले तर नक्कल द्या आणि पोच घ्या. एकच प्रत घरात ठेवून निर्धास्त राहू नका.

आणि पहिल्या पानावर चार ओळी अवश्य लिहा: हे कुणी लिहिले, कधी लिहिले, कुणाच्या हातून आपल्याकडे आले, आणि नकला कुठे कुठे आहेत. आमच्या चोपडीवर आम्ही आजोबांचे नाव लिहिले. त्याखाली, जिला वाचता येत नाही त्या आत्याबाईंचे नाव लिहिले आणि पुढे लिहिले, 'यांनी ढिगाऱ्यातून काढली.'